पाटीवर दुसरं नाव आलं तर नेमकं काय बिघडतं?

डेन्मार्कच्या अगदी दक्षिणेला, जर्मनीच्या सीमेला खेटून असलेल्या भागात मी नोकरीनिमित्त राहतो, आणि इथे एक वाद असा आहे की तो मिटतही नाही आणि धड पेटतही नाही, नुसता दर दोन-तीन वर्षांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये राय ब्रेड आणि हेरिंगच्या ताटाशेजारी येऊन बसतो. वाद साधा आहे. गावाच्या वेशीवर जी पाटी असते तिच्यावर डॅनिश नावाखाली जर्मन नाव लिहायचं की नाही? म्हणजे टोंडरखाली टोंडर्न, ऑबेनरोखाली आपेनराडे, हादरस्लेवखाली हादर्सलेबन, सोंडरबोर्गखाली झोंडरबुर्ग. एक बाजू म्हणते, इथले जर्मन अल्पसंख्याक फर्डं डॅनिश बोलतात, त्यांचा काय रस्ता चुकणार आहे का? दुसरी बाजू म्हणते, अहो टुरिस्ट येतील, जर्मन गिऱ्हाईक खूश होईल, आणि तिकडे सीमेपलीकडच्या फ्लेन्सबुर्गने २००८ मध्येच पाटीवर फ्लेन्सबोर्ग हे डॅनिश नाव लिहिलंय, मग आपणही लिहायला नको का? मला दोन्ही ऐकून वैताग येतो. पाटी लागलीच पाहिजे असं माझं मत आहे, पण ती टुरिस्टसाठी नाही, जर्मनीची परतफेड म्हणून नाही, आणि "कोणाला गरज आहे" या प्रश्नाचं उत्तर म्हणून तर अजिबातच नाही. तो प्रश्नच चुकलाय.

थोडा इतिहास सांगावा लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. श्लेस्विग नावाची डची शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाकडे होती, १८६४ च्या युद्धात प्रशिया हे जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांनी ती हिसकावली. प्रागच्या तहात १८६६ साली उत्तरेकडच्या लोकांचं मत घेऊ असं वचन दिलं होतं, बिस्मार्कने ते १८७९ मध्ये रीतसर रद्द करून टाकलं. १८८८ पासून शाळेत धर्माचे आठवड्याचे चार तास सोडले तर सगळं शिक्षण जर्मनमध्ये. पहिल्या महायुद्धात इथली तीस हजारांच्या आसपास माणसं कैसरच्या सैन्यात गेली, त्यातली पाच हजारांहून जास्त परत आली नाहीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण जर्मन आहोत असं कधी वाटलंच नव्हतं. मग १९२० चं सार्वमत. उत्तरेच्या झोनमध्ये १० फेब्रुवारीला ७५ टक्के मतं डेन्मार्कला पडली, दक्षिणेच्या झोनमध्ये १४ मार्चला ८० टक्के जर्मनीला, आणि मधे रेघ मारली गेली जी आजही तिथेच आहे. ऐकायला एकदम स्वच्छ वाटतं ना? पण उत्तरेचा झोन एकगठ्ठा मोजला होता. म्हणजे टोंडर शहरात पाऊणच्या वर मतं जर्मनीला होती, ऑबेनरो आणि सोंडरबोर्गमध्येही जर्मनीलाच बहुमत होतं, पण भोवतालचा ग्रामीण भाग डॅनिश, म्हणून शहरं त्या गठ्ठ्याबरोबर डेन्मार्कात आली. दक्षिणेच्या झोनमध्ये मात्र मोजणी गावागावाची वेगळी. आजचे जर्मन अल्पसंख्याक म्हणजे त्या बेरजेत पुसली गेलेली माणसं आणि त्यांची नातवंडं-पतवंडं. ती कुठून आली नाहीत. सीमाच त्यांच्या दक्षिणेला जाऊन बसली.

आता ही माणसं कोण, हे जवळून बघायला हवं, कारण अर्धा वाद तिथेच निकालात निघतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी काका राहतात, मूळचे टोंडरकडचे. मुलं जर्मन शाळेत शिकली, वर्तमानपत्र म्हणाल तर "डेअर नॉर्डश्लेस्विगर" वाचायचे आणि त्याची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद झाल्यापासून टॅबलेटवर वाचतात, चर्चमध्ये जर्मन. स्वतःला जर्मन म्हणवतात. आणि घरात बायकोशी काय बोलतात? सोंडरयुस्क. म्हणजे डॅनिशची इथली गावठी बोली, जी कोपनहेगनच्या माणसाला धड कळत नाही. मी एकदा त्यांना विचारलं, काका, तुम्ही जर्मन ना, मग घरात जर्मन का नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलंय की तुम्ही उजव्या हाताने का जेवता. आणि ते अपवाद नाहीत, या अल्पसंख्याकांपैकी बहुसंख्य घरांत हीच बोली चालते. तीच बोली शेजारचं कट्टर डॅनिश कुटुंबही बोलतं. सकाळी भेटले की दोघंही "मोइन" म्हणतात, संध्याकाळीही मोइन, निघतानाही मोइन, आणि सीमेपलीकडचा जर्मनही मोइनच म्हणतो. भाषेवरून माणूस ओळखायला गेलात तर इथे हमखास फसाल.

म्हणूनच १९५५ साली जे झालं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. पश्चिम जर्मनी नाटोमध्ये येत होती, डेन्मार्क आधीच आत होता, आणि दक्षिण श्लेस्विगमधल्या डॅनिश अल्पसंख्याकांची जर्मनीत गळचेपी चालली होती, तेव्हा २९ मार्च १९५५ ला बॉन आणि कोपनहेगनने जाहीरनामे काढले. त्यात एक वाक्य आहे ज्यावर माझा हा सगळा लेख उभा आहे: जर्मन किंवा डॅनिश असल्याचं सांगण्याचं प्रत्येकाला स्वातंत्र्य आहे, आणि सरकारने ते नाकारायचं नाही की तपासायचंही नाही. तपासायचंही नाही! भाषा नाही, रक्त नाही, आडनाव नाही, आजोबांचा दाखला नाही. तू म्हणतोस तू जर्मन आहेस, संपलं. आपल्याकडे रेशनकार्डाला दहा पुरावे मागणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल याची कल्पना करा.

पण मग हे मान्य केल्यावर "ते सगळे डॅनिशच बोलतात" हा मुद्दा कुठे उरतो? जी गोष्ट तपासायची नाही असं ठरलं तीच तुम्ही पाटीच्या निमित्ताने मागच्या दाराने तपासताय. आणि "किती टक्के आहेत" हाही त्यातलाच प्रकार. अंदाजाने पंधरा हजारांच्या आसपास म्हणतात, पण नोंद कुठेच नाही आणि असूही शकत नाही. टक्क्यांवर पाट्या ठरवायच्या तर आधी माणसं मोजावी लागतात, आणि माणसं मोजायची म्हणजे त्यांना रांगेत उभं करून "तू कोण" विचारायचं. ऑस्ट्रियाने हे करून बघितलंय. तिकडे कॅरिंथियामध्ये १९७२ साली स्लोव्हेन गावांना दोन भाषांच्या पाट्या लावल्या तर लोकांनी त्या टोळ्याटोळ्यांनी उपटल्या, मग पुढची चाळीस वर्षं टक्का किती हवा यावर कोर्टकचेऱ्या, कोर्ट म्हणतं दहा, राजकारणी म्हणतात पंचवीस, एक राज्यप्रमुख तर पाट्या थोड्या थोड्या सरकवून निकाल चुकवायचा, आणि शेवटी २०११ मध्ये साडेसतरा टक्क्यांवर तडजोड होऊन १६४ गावांना पाट्या मिळाल्या. साडेसतरा! हा काय व्याजदर आहे का? एखाद्या गावात सतरा टक्के असले तर त्या गावाचं जुनं नाव खोटं होतं का?

आता विरोधकांचा जो खरा जड मुद्दा आहे त्याकडे येतो, कारण तो कँटीनमध्ये क्वचितच कोणी नीट मांडतं, पण मनात मात्र तोच असतो. दुसरं महायुद्ध. आणि इथे अल्पसंख्याकांची बाजू घेणाऱ्यांनी उगाच सारवासारव करू नये. १९३३ नंतर इथल्या जर्मन संघटनांचं पुढारपण नाझी झालं, सीमा बदला अशी मागणी उघड झाली, ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य आत आलं तेव्हा रस्त्यावर स्वागताला उभी राहिलेली माणसं याच गावांतली होती, इथले दोन हजारांहून जास्त तरुण जर्मन सैन्यात गेले आणि त्यातले साडेसातशेच्या आसपास मेले. टोंडरजवळच्या नोल्डे गावात जन्मलेला, त्या गावाचंच नाव लावणारा प्रसिद्ध चित्रकार एमिल नोल्डे, १९२० नंतर डॅनिश नागरिक, घर मात्र सीमेच्या दक्षिणेला, आणि सदस्यत्व घेतलं ते इथल्या जर्मन नाझी संघटनेचं. ज्याच्या आजोबाला गेस्टापोने उचलून फ्रॉस्लेवच्या छावणीत ठेवलं, जिथून, कैदी देशाबाहेर न्यायचे नाहीत हा करार मोडून, सोळाशेच्या आसपास कैदी जर्मनीतल्या छळछावण्यांत पाठवले, त्या घरातल्या माणसाला वेशीवर जर्मन नाव दिसलं की पोटात कालवतं, हे मी समजू शकतो. त्याला "जुनं विसर" म्हणण्याचा मला काय अधिकार?

पण त्याच छावणीची पुढची गोष्ट बघा. मे १९४५ मध्ये देश सुटला आणि त्याच बराकींत, नाव तेवढं बदलून फॉरहुस करून, जर्मन अल्पसंख्याकांना कोंडलं. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं अटकेत गेली. काही खरेच गुन्हेगार होते, पुष्कळांवर ज्या कायद्यांनी खटले चालले ते कायदेच नंतर करून मागच्या तारखेने लावलेले होते. जर्मन शाळा जप्त झाल्या, क्निव्सबेर्गच्या टेकडीवरचा बिस्मार्कचा मनोरा ऑगस्ट १९४५ मध्ये उडवून दिला. मनोऱ्याबद्दल मला काडीचंही दुःख नाही, तो गर्वानेच बांधला होता. पण हिशोब तेव्हा झाला, हे महत्त्वाचं. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांची नवी संघटना उभी राहिली ती १९२० ची सीमा मान्य आहे, राजाशी निष्ठा आहे असं लिहून देऊनच. त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत सीमेचा दगड इंचभरही हलवायची मागणी त्यांनी केलेली नाही. मग दंड किती पिढ्या भरायचा? एखाद्या समाजावर केस चालली, शिक्षा झाली, भोगून झाली, आणि तरी दर वेळी नवीन तारीख? बरं, ही माणसं स्वतःला फक्त बळी समजत कितीतरी वर्षं बसली होती, स्वतःच्या नाझी काळाकडे नीट बघायला त्यांनी फार उशीर केला, हेही खरं. पण तो त्यांच्याशी बोलायचा विषय आहे, पाटीशी नाही.

आणि नाव तर त्या सगळ्याच्या आधीचं आहे! लोकांच्या डोक्यात असं बसलंय की टोंडर्न, हादर्सलेबन ही नावं प्रशियाने लादली. साफ चूक. श्लेस्विगमध्ये डॅनिश राजाचंच राज्य होतं तेव्हा त्याच्याच कचेऱ्या जर्मनमध्ये चालायच्या, टोंडरच्या चर्चमध्ये प्रवचन जर्मन, व्यापाऱ्यांच्या वह्या जर्मन, आणि बाहेर दलदलीत शेतकरी डॅनिश बोली बोलायचा. जिथे चर्च आणि शाळेची भाषा डॅनिश आहे तिथे निदान कचेरीही डॅनिशमध्ये चालवा असा हुकूम काढायला १८४० साल उजाडावं लागलं, आणि टोंडरसारखी शहरं त्यात नव्हतीच. म्हणजे टोंडर्न हे कोण्या परक्याने येऊन ठोकलेलं लेबल नाही, त्या गावानेच स्वतःला दिलेलं एक नाव आहे. ते पाटीवर न लिहिणं हा निर्णय आहे, लिहिणं जेवढा आहे तेवढाच. इटलीने दक्षिण टिरोलमध्ये १९२३ नंतर हजारो जर्मन गावांना इटालियन नावं चिकटवली, त्यातली कितीतरी टेबलावर बसून बनवलेली, तो प्रकार वेगळा आणि इथला वेगळा. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

आता "फ्लेन्सबुर्गने केलं म्हणून आपणही" या मंडळींकडे वळतो, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांकडे, कारण त्यांचाच मुद्दा मला जास्त टोचतो. दक्षिणेला डॅनिश अल्पसंख्याक पन्नास हजारांच्या आसपास आहेत, त्यांच्या पक्षाला राज्याच्या विधानसभेत जाण्यासाठीची किमान पाच टक्के मतांची अट नाही, तो २०१२ ते २०१७ राज्य सरकारात होता आणि २०२१ पासून बर्लिनच्या संसदेत त्यांचा खासदार आहे. मान्य, जर्मनीने पुष्कळ दिलं. पण त्याची परतफेड इथल्या शेजारीकाकांच्या खात्यावर कशाला? १९५५ मध्ये एक करार न करता दोन वेगवेगळे जाहीरनामे का काढले? कारण डेन्मार्कलाच करार नको होता. तू माझ्या लोकांना इतकं दिलंस तर मी तुझ्या लोकांना इतकं देतो असा सौदा झाला की अल्पसंख्याक ओलीस होतात, पलीकडे कोणी माजला की इकडच्यांचं पाणी तोडायचं. हे कोपनहेगनला तेव्हा कळलं होतं, आज पाटीच्या समर्थकांना कळत नाही. टोंडरची पाटी टोंडरच्या नागरिकांची. उद्या फ्लेन्सबुर्गने आपली काढली तरी टोंडरची राहिली पाहिजे, एवढी तिची पाळंमुळं स्वतःच्या मातीत असली पाहिजेत.

टुरिस्टवाल्यांबद्दल बोलायला नको. गाडीत जीपीएस असतो.

एक हुशार आक्षेप मला ऑफिसमधल्या डॅनिश मैत्रिणीने घेतला होता आणि तो दोन दिवस डोक्यात राहिला. ती म्हणाली, १९५५ चं वाक्य सरकारला "ढवळाढवळ करू नको" सांगतं, "पाटी लाव" कुठे सांगतं? बरोबर आहे, सांगत नाही. प्रादेशिक भाषांचा जो युरोपियन करार डेन्मार्कने २००० साली मान्य केला त्याच्या तज्ज्ञांनी पाट्यांचा विषय काढला, तरी तेवढ्यावर मी विसंबणार नाही, आणि कोपनहेगन तर हा चेंडू नगरपालिकांकडे ढकलून मोकळं होतं. माझं उत्तर वेगळं आहे. सरकार धर्माबद्दल गप्प राहू शकतं, कारण कुठलाही देव न पूजता कारभार चालतो. भाषेबद्दल गप्प राहता येत नाही. पाटी कोरी ठेवता येत नाही ना! कुठल्या तरी भाषेत गावाचं नाव लिहावंच लागतं, म्हणजे ढवळाढवळ झालेलीच आहे, प्रश्न फक्त एवढाच उरतो की गावाची दोन्ही जुनी नावं लिहायची की एकच. ती म्हणाली, मग बहुमत ठरवू दे. इथे मी निम्मा हरतो. वरून हुकूम आला तर कॅरिंथिया होतो, हे मीच वर सांगून बसलोय. आणि हादरस्लेवमध्ये २०१५ च्या वसंतात नगराध्यक्षांनी जर्मन नावाची पाटी लावली, काही दिवसांत कोणीतरी ती उपटली, मग गदारोळ झाला आणि विषय गुंडाळला गेला. तेव्हा नगरपालिकेनेच, बोलून, वेळ घेऊन करावं हे मला मान्य. पण "बहुमताला नको म्हणून नको" इथेच थांबायचं असेल तर अल्पसंख्याकांचे हक्क हा शब्द कशाला वापरायचा? प्रशियाच्या काळात बहुमत बर्लिनमध्ये होतंच की. तेव्हा डॅनिश मंडळींच्या सभागृहांना दारूचं लायसन नाकारलं जायचं, म्हणून त्यांनी कॉफी आणि केकवर सभा भरवल्या, प्रत्येक बाईने घरून काहीतरी भाजून आणायचं, आणि त्यातून जे सोंडरयुस्क कॉफी टेबल झालं, सात मऊ केक आणि सात कडक बिस्किटं, ते आज सगळे अभिमानाने मिरवतात. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा राय ब्रेड, हेझलनट आणि ब्लॅककरंटच्या जॅमचा तो केक खाऊन तिसऱ्याच प्लेटला गारद झालो. बहुमतापुढे न वाकण्याची एवढी गोड आठवण ताटात असताना दुसऱ्याला बहुमत दाखवायचं?

मराठी वाचकाला हे वाचताना बेळगाव आठवणारच, मलाही आठवतं. येळ्ळूरच्या वेशीवर "महाराष्ट्र राज्य येळ्ळूर" असा फलक होता, जुलै २०१४ मध्ये तो कोर्टाच्या आदेशाने पाडला, गावकऱ्यांनी परत उभारला, परत पाडला, लाठीमार झाला. मन तिकडेच ओढतं हे लपवत नाही. पण प्रामाणिकपणे बोलायचं तर त्या पाटीवरचे पहिले दोन शब्द सीमेबद्दल होते आणि तिसरा गावाबद्दल. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, तो तिथे लढावा. पण तिसऱ्या शब्दासाठी, मराठीत लिहिलेल्या नुसत्या गावाच्या नावासाठी, सीमा हलायची वाट का बघायला लागावी? इथल्या जर्मनांनी १९४५ मध्ये पहिल्या दोन शब्दांवर पाणी सोडलं आणि आता फक्त तिसरा मागतायत, तोही हळू आवाजात, कारण त्यांच्यातल्याच कित्येकांना वाटतं की उगाच कशाला शेजाऱ्यांना दुखवा. (आणि हो, मुंबईत दुकानांवर मराठी पाटी हवी म्हणून आवाज चढवणाऱ्या आपल्यापैकी कितीजण सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड पाटीसाठी बोलतील, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आणि उत्तर फार बरं येत नाही.)

सुरुवात टोंडरपासून व्हावी असं मला वाटतं. सहा जुन्या नगरपालिका २००७ मध्ये एकत्र करून बनलेली ही नगरपालिका, वस्ती सदतीस हजारांच्या आसपास, बाकी सगळी शेतं, बांध आणि पाणी, वसंतात आणि शरदात लाखो साळुंक्यांसारखे पक्षी संध्याकाळचं आकाश काळं करतात ते बघायला लोक लांबून येतात. याच भागातल्या रुडबोल गावात सीमा रस्त्याच्या मधोमध जाते, एका फुटपाथवर डेन्मार्क, दुसऱ्यावर जर्मनी. आणि याच नगरपालिकेत २०२२ च्या जानेवारीत योर्गन पॉप पेटरसन नगराध्यक्ष झाले, जर्मन अल्पसंख्याकांच्या श्लेस्विग पक्षाचे, पेशाने शेतकरी, युद्धानंतर पहिल्यांदाच असं घडलं. इथे नगराध्यक्ष नगरसेवक निवडतात आणि नुसत्या अल्पसंख्याकांच्या जोरावर तेवढी माणसं जमवणं शक्यच नाही, म्हणजे डॅनिश मतदारांनी आणि डॅनिश पक्षांनी मिळून हे केलं. गावाचा कारभार, बजेट, शाळा, वृद्धाश्रम सगळं त्या माणसाच्या हातात द्यायला चाललं आणि त्याच्या लोकांच्या भाषेत गावाचं जे नाव आहे ते वेशीवर पत्र्यावर लिहायला चालत नाही? याचं उत्तर मला कँटीनमध्ये अजून कोणी दिलेलं नाही.

शेजारीकाकांना मी हे सगळं सांगितलं, जरा तावातावानेच. ते कॉफी ढवळत ऐकत होते. म्हणाले, लावा की, मला आवडेल, पण मी टोंडर म्हणत नाही आणि टोंडर्नही म्हणत नाही, आमच्या बोलीत आम्ही ट्युने म्हणतो. मी विचारलं, मग ते कुठे लिहायचं? ते म्हणाले, ते कसं लिहितात ते मलाच माहीत नाही, आणि दुसरा केक माझ्या ताटात सरकवला.